बाटलीतले सोवळे

मराठीत ‘बाटली’ हा शब्द नाम म्हणून उच्चारला तर डोळ्यांपुढे काचेचे एक निरुपद्रवी पात्र उभे राहते; तोच क्रियापद म्हणून उच्चारला तर कोणाची तरी अब्रू गेलेली असते. दोन्ही शब्दांची कुळे निराळी आहेत आणि त्यांची गाठ पडते ती केवळ उच्चारात. परंतु वनस्पतींच्या ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा ही अशी एक जागा आहे, की जेथे ही गाठ अर्थानेही पडते. तेथे बाटली खरोखरच बाटते. आणि बाटलेल्या बाटलीचे काय करावयाचे, हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसत असला तरी आमच्या मते तो मुळात नीतीचा आहे. त्याचाच येथे थोडा विचार करण्याचा मानस आहे.

ज्यांचा या शास्त्राशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी प्रथम दोन शब्द सांगितले पाहिजेत. वनस्पतीच्या एकेका पेशीत संपूर्ण वनस्पती घडविण्याचे सामर्थ्य दडलेले असले पाहिजे, ही कल्पना ऑस्ट्रियातील हाबरलांट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०२ साली मांडली. त्याने पानातून वेगळ्या काढलेल्या पेशी काही आठवडे जगल्या, आकाराने वाढल्या, पण त्यांतील एकही विभागली नाही. कल्पना खरी आणि प्रयोग फसलेला, असे विज्ञानाच्या इतिहासात पुष्कळदा घडते. १९३४ साली अमेरिकेत फिलिप व्हाइट यांनी टोमॅटोच्या मुळाचे टोक काचपात्रात अखंड वाढते ठेवून दाखविले आणि १९५८ साली कॉर्नेल विद्यापीठात स्टूअर्ड यांनी गाजराच्या पेशींपासून रोपे मिळविली. आपल्याकडे पंचानन माहेश्वरी यांच्या नेतृत्वाखाली दिल्ली विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग या विद्येचे एक मोठे पीठ बनला; तेथेच शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी १९६४ साली धोत्र्याच्या परागकोशातून रोपे निर्माण केल्याचे प्रसिद्ध केले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मंडळींनी १९९० साली बांबूला बाटलीत फुलोरा आणून दाखविला. रानात ज्या फुलोऱ्यासाठी कित्येक दशके वाट पाहावी लागते तो काही महिन्यांत! आणि आज जळगाव-रावेरकडचा शेतकरी या सगळ्या नामावळीशी काडीचाही परिचय नसताना ‘टिश्यूची केळी’ हा शब्द सहज बोलून जातो. विद्या मुरली म्हणतात ती अशी.

ही रोपे तयार होतात कशी? केळीचा निरोगी मुनवा काढून त्याची सोपटे एकावर एक सोलीत गेले म्हणजे आत कंदाच्या माथ्यावर शेंड्याचा कोवळा भाग सापडतो. तो बोटाच्या पेरापेक्षाही लहान तुकडा औषधी पाण्यात धुऊन पोषक माध्यमावर ठेवावयाचा. या माध्यमात खनिज क्षार असतात, जीवनसत्त्वे असतात, फुटवे येण्यासाठी संप्रेरके असतात, ते थिजावे म्हणून अगर असते, आणि दर लिटरला सुमारे ३० ग्रॅम साखर असते. मुराशिगे आणि स्कूग यांनी तंबाखूच्या ऊतींसाठी १९६२ साली सिद्ध केलेली क्षारांची कृती अजूनही जगभर वापरली जाते. मेख आहे ती साखरेत. बंद बाटलीतल्या मंद प्रकाशात रोपाला स्वतःचे अन्न पुरेसे करता येत नाही, म्हणून ते त्याला आयते द्यावे लागते. आणि रोपाला जे आयते दिले त्याच्यावर जीवाणू आणि बुरशी यांचा डोळा असतोच. रोपाची पेशी विभागावयास एखादा दिवस घेते, जीवाणू अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतो. या शर्यतीचा निकाल सांगावयास ज्योतिषी नको.

म्हणून तेथे सोवळे पाळावे लागते, आणि आमच्या आजीच्या पिढीलाही हेवा वाटावा इतके कडक पाळावे लागते. माध्यम १२१ अंश उष्णतेच्या दाबाच्या वाफेत पंधरा-वीस मिनिटे उकळून काढतात. सुरी-चिमटे ज्योतीवर तापवितात. हात मद्यार्काने पुसतात. ज्याला तेथे लॅमिनार म्हणतात त्या कपाटातून गाळलेल्या हवेचा झोत सतत अंगावर येत असतो आणि त्या झोतातच काम करावयाचे असते. बोलणे नाही, पदर-ओढणी मोकळी सोडणे नाही, एका बाटलीचे झाकण उघडे असताना दुसरीकडे हात नेणे नाही. जुन्या सोवळ्याशी याचे साम्य पाहून कोणास हसू येईल. पण भेद मोठा आहे. जुने सोवळे माणसाला माणसापासून तोडीत होते आणि ते मोडले की टिकले हे ठरविण्यास श्रद्धेवाचून दुसरे साधन नव्हते. या सोवळ्याची परीक्षा होऊ शकते. जीवाणू आहे की नाही, हे पाहता येते. आणि जेथे परीक्षा शक्य असते तेथेच ती टाळण्याचा मोहही उत्पन्न होतो.

कारण बाहेरून कितीही धुतले तरी काही जीवाणू आतच राहतात. वनस्पतीच्या पेशींच्या सांदींत, रसवाहिन्यांत, ते पिढ्यान्‌पिढ्या वस्ती करून असतात. क्लोरीनचे पाणी किंवा मर्क्युरिक क्लोराइडचे विष सालीवरच्या जीवाणूला गाठते. या आतल्या बिऱ्हाडकरूला गाठावयाचे तर रोपच मारावे लागेल. शेतात तो बहुधा निरुपद्रवी असतो. बाटलीत आल्यावरही पहिले काही महिने त्याचा मागमूस लागत नाही. मग तिसऱ्या-चौथ्या वेळी फुटवे वेगळे करून नव्या माध्यमावर लावले, की एखाद्या सकाळी रोपाच्या बुडाशी दुधाळ वलय दिसते. कित्येकदा तेही दिसत नाही. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेत केळीच्या वरून स्वच्छ दिसणाऱ्या संवर्धनांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या आतही जीवाणूंची वस्ती असल्याचे आढळले. नेहमीच्या माध्यमावर ते उगवून येत नाहीत, एवढेच. म्हणजे डोळ्यांना स्वच्छ आणि प्रत्यक्षात स्वच्छ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ‘दृष्टीआड सृष्टी’ ही म्हण आम्ही दुर्लक्षाचे समर्थन म्हणून वापरतो. तिचा शब्दशः अर्थ येथे लागू पडतो.

येथे प्रतिजैविकाचा प्रवेश होतो. माध्यम कोमट झाले, की त्यात सेफोटॅक्सिम, कार्बेनिसिलिन, जेंटामायसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिन यांपैकी एखादे औषध सूक्ष्म चाळणीतून गाळून मिसळावयाचे. प्रमाण फार नाही. सेफोटॅक्सिमचे म्हणाल तर लिटरला अडीचशे ते पाचशे मिलिग्रॅम. दुधाळ वलय नाहीसे होते. बाटली पुन्हा काचेसारखी निर्मळ दिसू लागते. या घटनेत नियतीचा एक विनोद आहे, तो नजरेआड करवत नाही. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या हाती पेनिसिलिन लागले ते एका बाटलेल्या बशीमुळे. सोवळे मोडले आणि बुरशी आत शिरली, म्हणून औषध सापडले. आणि आज त्याच औषधाची भावंडे मोडलेले सोवळे सावरण्याकरिता बाटलीत ओतली जात आहेत.

पण निर्मळ दिसू लागलेल्या बाटलीत झाले काय, हे नीट पाहिले पाहिजे. पेनिसिलिनच्या कुळातील औषधे जीवाणूची भिंत बांधली जात असताना तिच्यात खोडा घालतात. जो जीवाणू वाढतच नाही, निपचित पडून आहे, त्याला भिंत बांधावयाची नसते. त्यामुळे त्याला या औषधाचे भय नसते. स्ट्रेप्टोमायसिन आणि त्याच्या जातीची औषधे जीवाणूच्या प्रथिने घडविणाऱ्या यंत्रणेवर घाव घालतात, परंतु ऊतीच्या आतल्या सांदीपर्यंत ती किती पोचतील याची शाश्वती नसते. शिवाय यांतली पुष्कळ औषधे माध्यमात काही आठवड्यांत विघटित होतात. परिणाम असा, की बहुतेक वेळा जीवाणू मरत नाही, तो दबतो. औषधाविना पुढच्या बाटलीत गेला, की परत डोके वर काढतो. मग पुढच्या बाटलीतही औषध घालावे लागते आणि त्याच्या पुढच्याही. हा नित्याचा नैवेद्य एकदा सुरू झाला की थांबविण्याचे धैर्य सहसा कोणास होत नाही, कारण थांबविले तर काय दिसेल हे ज्याचे त्याला आतून ठाऊक असते.

आणि येथे वाढीचा हिशेब विसरून चालणार नाही. ऊतिसंवर्धनाचे सारे वैभव गुणाकारात आहे. दर वेळी तिप्पट फुटवे धरले तर एका शेंड्यापासून आठ वेळांत ६५६१ रोपे होतात. म्हणजे पहिल्या बाटलीतला एक दबलेला दोष आठव्या वेळी साडेसहा हजारांवर घरी पोचविला जातो. पुण्य गुणिले जाते त्याच पाढ्याने पापही गुणिले जाते. येथे आमच्या वाचकांपैकी ज्यांचे आयुष्य एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात बदलीवर जाण्यात गेले आहे त्यांना एक ओळखीची गोष्ट दिसेल. एखाद्या जिल्ह्यातले जुने गाऱ्हाणे मुळातून सोडविण्याऐवजी तात्पुरते शांत करून ठेवावे, अहवालात ‘परिस्थिती समाधानकारक’ असे लिहावे, आणि ते पुन्हा उफाळून येईपर्यंत आपण तीनशे कोस दूर असावे! यात खोटे विधान एकही नसते. त्या दिवशी परिस्थिती खरोखरच समाधानकारक असते. ऊतिसंवर्धनातही दोष दडपणारा आणि त्याचे फळ भोगणारा यांच्यामध्ये काही महिन्यांचे आणि काही शे मैलांचे अंतर पडते. प्रयोगशाळा एका शहरात, हरितगृह दुसऱ्या गावी, आणि शेवटी ट्रकमधून उतरलेल्या रोपांकडे पाहणारा शेतकरी तिसऱ्याच तालुक्यात. फसवणूक करण्याची इच्छा कोणाचीही नसतानाही फसवणूक घडू शकते, ती या अंतरामुळे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. कोणी म्हणेल: ‘मुळात शुद्ध वनस्पती ही वस्तूच जगात नाही. बियांच्या आत जीवाणू असतात, मुळांभोवती असतात, पानांत असतात. त्यांतले कित्येक वनस्पतीला नत्र मिळवून देतात, रोगापासून सांभाळतात. तुमच्या बाटलीतले निर्जंतुक रोप मातीत लावले की आठ दिवस माना टाकते. त्याला सावलीत, दमट हवेत हळूहळू सरावावे लागते. आणि हल्ली तर त्याच्या मुळांना मुद्दाम उपकारक जीवाणू व बुरशी यांचे लेपन करतात. म्हणजे ज्याला हाकलण्यासाठी एवढा खटाटोप केला त्याच्याच जातभाईंना अखेरीस पाट मांडून बसवावयाचे! मग एखादा जीवाणू औषधाने दबून आतच राहिला, तर बिघडले काय?’

हा आक्षेप अर्ध्याहून अधिक खरा आहे, आणि म्हणूनच त्याचा उरलेला भाग निवडून वेगळा केला पाहिजे. सोवळे हे साध्य नाही, हे आम्हीही मान्य करतो. वनस्पती एकटी नसते. किंबहुना, ज्याला आपण वनस्पतीचे हिरवेपण म्हणतो ते तरी तिचे स्वतःचे कोठे आहे? तिच्या पेशीतील हरितलवके ही कोट्यवधी वर्षांपूर्वी आत येऊन राहिलेल्या एका जीवाणूची संतती होय, असा विचार मेरेशकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १९०५ साली मांडला, आणि १९६७ साली लिन मार्ग्युलिस यांनी तो नव्या पुराव्यानिशी पुन्हा उभा केला; आज तो सर्वमान्य आहे. याचा दाखला प्रतिजैविकांनीच दिला आहे. युग्लीना नावाच्या एका सूक्ष्म हिरव्या जीवावर स्ट्रेप्टोमायसिनचा प्रयोग केला तेव्हा तो जीव मेला नाही, पण कायमचा पांढरा पडला, असे १९४८ सालीच प्रसिद्ध झाले. कारण हरितलवकातली प्रथिने घडविणारी यंत्रणा अजूनही जीवाणूच्याच वळणाची आहे. जीवाणूसाठी काढलेली तलवार तिलाही लागते. ऊतिसंवर्धनात या औषधांचे प्रमाण चढले, की रोपे फिकट पडतात ती यामुळेच. परका म्हणून ज्याला घालवू पाहावे त्याचा एक पूर्वज घराचा यजमान होऊन बसलेला निघावा, यावर परप्रांती तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबांनी विचार करावा. आम्ही अधिक बोलत नाही. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे या बाबतीत सौम्य खरी, पण तीही अगदी तटस्थ नसतात. कार्बेनिसिलिनच्या विघटनातून जे एक आम्ल निघते ते वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकासारखे मंदपणे वागते, आणि सेफोटॅक्सिमने काही ऊतींत कोंब फुटणे वाढते असेही आढळले आहे. म्हणजे औषध घातलेल्या बाटलीतले रोप हे ‘तेच रोप, फक्त जीवाणूविना’ असे नसते.

तेव्हा दोष जीवाणूच्या असण्यात नाही. शेतात जो निरुपद्रवी होता तो बाटलीत मारक झाला, कारण आपण त्याच्यापुढे साखर वाढून ठेवली आणि त्याला आवर घालणारे मातीतले शेजारी दूर केले. अपराध असलाच तर आपल्या मांडणीचा आहे. दोष आहे तो, जे आहे ते नाही असे भासविण्यात. शेतकरी जेव्हा ऊतिसंवर्धनाचे रोप मुनव्यापेक्षा अधिक दाम देऊन घेतो, तेव्हा तो रोपाचे पैसे देत नाही. तो एका वचनाचे पैसे देतो. मुनवा त्याच्या डोळ्यांपुढे असतो. त्याची कीड, त्याचा सडका कंद तो स्वतः पाहू शकतो. बाटलीतल्या रोपाच्या बाबतीत त्याने पाहण्याचा आपला अधिकार दुसऱ्याच्या स्वाधीन केलेला असतो. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपल्या अब्रूपुरती वापरावयास हरकत नाही. परंतु मूठ दुसऱ्याच्या पैशाने भरलेली असेल तर ती उघडून दाखविणे भाग आहे. उपकारक जीवाणू मुळांना मुद्दाम लावला, तर त्याचे नाव सांगून लावतात. दबलेला जीवाणू नाव न सांगता जातो. दोघेही जीवाणूच, पण एक आमंत्रित आहे आणि दुसरा लपविलेला, आणि आमचा सारा युक्तिवाद या एका भेदावर उभा आहे.

मग प्रतिजैविक कधीच वापरू नये काय? असा हट्ट आम्ही धरणार नाही. एखाद्या दुर्मिळ जातीचा शेवटचा शेंडा हाती आहे, तो बाटला आहे, आणि रानात दुसरे झाड उरलेले नाही. अशा वेळी औषध नाकारणे हे शुद्धीचे प्रेम नसून शुद्धीचा अहंकार होईल. दुसरी स्थिती जनुक-अभियांत्रिकीची. तेथे ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा जीवाणू हाच निरोप्या असतो. त्याने आपले जनुक रोपाच्या पेशीत पोचविले, की त्याचे काम संपते आणि त्याला रजा द्यावी लागते. ती प्रतिजैविकावाचून देता येत नाही. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माचे एक स्वतंत्र उपपर्वच आहे, आणि आपद्धर्माची खूण अशी, की तो आपत्तीबरोबर सुरू होतो व आपत्तीबरोबर संपतो. दुष्काळात विश्वामित्राने चांडाळाच्या घरचे कुत्र्याचे मांस घेतले, ही कथा तेथेच येते. पण सुकाळ आल्यावरही त्याने तीच पंगत चालू ठेवली असे कोणी सांगत नाही. बाटलीत औषध घालणाराने त्याच वेळी ते कधी थांबवावयाचे हेही ठरविले असेल, थांबविल्यावर दोन-तीन पिढ्या विनाऔषध वाढवून तपासण्याची तयारी ठेवली असेल, आणि तपासात जीवाणू निघाला तर अख्खी वंशावळ टाकून देण्याची छाती असेल, तर त्याने खुशाल औषध घालावे. आमचा विरोध आहे तो आपद्धर्माचा नित्यधर्म करण्याला. माध्यमाच्या कृतीत क्षार आणि साखर यांच्या पंक्तीला प्रतिजैविक कायमचे बसविण्याला.

या विरोधाला आणखी एक कारण आहे, आणि ते शेतकऱ्याच्या बांधापलीकडे जाते. ही औषधे वनस्पतीसाठी शोधलेली नाहीत. १९४३ साली सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत ॲल्बर्ट शॅट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिन वेगळे काढले, तेव्हा क्षयाच्या रोग्याला प्रथमच खरे औषध मिळाले. मिरज-पाचगणीच्या हवेवर आणि दैवावर ज्यांनी आपली माणसे सोडली होती त्या पिढीला याचे मोल सांगावयास नको. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५० नंतरच्या दशकात उभा राहिला तो या औषधांसाठी देश परावलंबी राहू नये म्हणून. सेफोटॅक्सिम ज्या गटात मोडते त्या गटाला जागतिक आरोग्य संघटना मानवी वैद्यकाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा मानते. ते इस्पितळातल्या अत्यवस्थ रोग्याचे औषध आहे. फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानात एक लहानशी गोष्ट रचून सांगितली होती. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो आपल्या मनाने थोडेसे पेनिसिलिन घेतो, जंतू मरतील इतके नव्हे, तर त्यांना प्रतिकार शिकविता येईल इतके. तो जंतू त्याच्या पत्नीला लागतो, तिला न्यूमोनिया होतो, औषध चालत नाही आणि ती मरते. या मृत्यूला जबाबदार कोण, असा प्रश्न त्यांनी सभेपुढे ठेवला. त्या गृहस्थाचा घसा बरा झाला असेल, हे या गोष्टीतले सर्वांत अस्वस्थ करणारे अंग आहे. त्याच्या दृष्टीने उपाय लागू पडला होता.

बाटलीत जीवाणूला मारत नाही पण दाबून ठेवते एवढ्या औषधात महिनेन्‌महिने वाढविणे म्हणजे त्याला हीच शाळा घालून देणे होय. प्रतिकाराचे जनुक एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे, जातीची भिंत ओलांडून, जाऊ शकते, हे आता शाळकरी पुस्तकातही येते. इस्पितळे, कुक्कुटपालन, औषधांच्या कारखान्यांचे सांडपाणी यांच्या मानाने ऊतिसंवर्धनातला औषधाचा वापर नगण्य आहे, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. एखाद्या प्रयोगशाळेने उद्या सेफोटॅक्सिम बंद केले म्हणून जगातला प्रतिकार मोजण्याइतका कमी होणार नाही. पण आपला वाटा लहान आहे एवढ्याने आपले उत्तरदायित्व शून्य होते, हे तर्कशास्त्र सरकारी खर्चाच्या बाबतीत आपण कोणाचेही ऐकून घेत नाही. आणि बाटलीतला जीवाणू बाटलीतच राहतो असेही नाही. जी बाटली टाकून दिली ती निदान वाफेत उकळून टाकतात. पण जे रोप विकले जाते ते आपला बिऱ्हाडकरू बरोबर घेऊनच मातीत उतरते.

आता एक गोष्ट राहिली, आणि ती औषधाची नसून माणसांची आहे. बाटलीवरचे पहिले दुधाळ वलय दिसते कोणाला? संचालकाला नव्हे, शास्त्रज्ञालाही नव्हे. ते दिसते त्या लॅमिनारपुढे दिवसभर बसून फुटवे वेगळे करणाऱ्या मुलीला. अनेक ठिकाणी कोणाच्या हातून किती बाटल्या बाटल्या याची टक्केवारी ठेवतात, आणि ती ठेवणे योग्यही आहे; निष्काळजी हात ओळखण्याचा तो एक मार्ग आहे. पण आतून आलेला जीवाणू आणि हातून गेलेला जीवाणू यांत ती टक्केवारी भेद करीत नाही. बुडाशी पुसटसे धुके दिसल्यावर बाटली बाजूला काढली तर दोष तिच्या नावावर चढतो. पुढच्या माध्यमात औषध आहेच, असे मनाशी म्हणून ती पुढे सरकविली तर कोणाच्याच नावावर चढत नाही. ज्या व्यवस्थेत खरे सांगणाऱ्याचा भत्ता कापला जातो त्या व्यवस्थेने पुढे तक्रार करू नये, की आम्हांला कोणी वेळेवर सांगितले नाही. प्रतिजैविकाचा खरा उपद्रव आम्हांस येथे दिसतो. ते जीवाणूला जितके दाबते त्याहून अधिक त्या मुलीच्या साक्षीला दाबते.

केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ सालापासून ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय व्यवस्था उभी केली आहे. तिचा मुख्य भर रोपांत घातक विषाणू नसावेत आणि ती मातृवृक्षाशी आनुवंशिक दृष्ट्या एकरूप असावीत यांवर आहे. केळीसारख्या पिकात ते अगत्याचेच आहे. पण आतला जीवाणू तपासण्याचे काम मुख्यतः प्रयोगशाळेच्या स्वतःच्या हातीच राहते, आणि ते काम अवघड नाही. मातृबाटलीतल्या रोपाच्या बुडाचा लहानसा काप घेऊन जीवाणूंना मानवणाऱ्या माध्यमावर रेघ ओढावी आणि दोन-तीन आठवडे वाट पाहावी. रेघेवर काही उगवले तर ती बाटली व तिची लेकरे बाद करावीत. यात सर्व जीवाणू सापडतात असे नाही, पण पुष्कळ सापडतात; आणि ही तपासणी पहिल्या-दुसऱ्या पिढीतच केली तर बाद कराव्या लागणाऱ्या बाटल्या डझनात मोजता येतात, हजारांत नव्हे. औषध वापरलेच असेल तर बाटलीच्या चिठ्ठीवर तारीख आणि पिढीचा अंक लिहितात त्याच्याच खाली त्या औषधाचे नाव लिहावे, आणि ती नोंद बाटलीतून हरितगृहात, हरितगृहातून पावतीवर जाऊ द्यावी. चिठ्ठीवर तेवढी जागा असते.